गळपट्ट्याच्या एका भोकाविषयी

प्रति,
मा. कुलसचिव,
पशुविज्ञान विद्यापीठ,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय: अचूक पशुआरोग्य विभागातील सहायक प्राध्यापकपदाच्या निवडीचा फेरविचार होण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्याद्वारे अर्जदाराची पहिली तक्रार 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' ज्याच्याविरुद्ध ती होती त्याच्याचकडे पाठवण्यात आली.

महोदया,

१. चालू शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सत्रातील शेवटच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, मुख्य इमारतीतील समिती-कक्षात उपरोक्त पदासाठी मुलाखती झाल्या. उमेदवार दोनच होते. पहिला अर्जदार, जो या विभागास स्वतःची खोलीही नव्हती तेव्हापासून येथे तात्पुरता व्याख्याता आहे. आणि दुसरा अर्जदाराचा मेहुणा, म्हणजे पत्नीचा सख्खा धाकटा भाऊ. वयोमर्यादा पाहता अर्जदाराची ही अखेरची मुलाखत होती, हे समितीस, मेहुण्यास व घरातील सर्वांस ठाऊक होते. पद मेहुण्यास मिळाले. केवळ एवढ्यावरून कागद काळे करण्याइतका अर्जदार कोत्या मनाचा नाही. हरणे त्याला ठाऊक आहे. केसाने गळा कापला जाणे त्याला नवीन होते, म्हणून हा अर्ज.

२. विषय आपल्या कार्यालयास अपरिचित असल्यास दोष कार्यालयाचा नव्हे, म्हणून थोडा खुलासा. गाय आजारी पडली तर ती सांगत नाही. दूध आटते, डोळे खोल जातात, तेव्हा माणसाला कळते आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. यासाठी गाईच्या गळपट्ट्यात सेन्सर बसवतात. तिचे रवंथ करणे, मान हलवणे, उठणे-बसणे तो टिपतो. आजारी व निरोगी गाईंच्या अशा नोंदी संगणकास दाखवल्या, की फरक ओळखायला तो आपोआप शिकतो. अर्जदार व मेहुणा यांनी हे काम मिळून केले. निदान आणि गणित अर्जदाराकडे होते. गाईला खोड्यात, म्हणजे तिला जखडून उभी करण्याच्या चौकटीत, घेणे, पट्टे काढणे व बांधणे मेहुण्याकडे. मेहुण्यास या विभागात अर्जदारानेच आणले. त्याला संभाव्यतेचे गणित उमगेना, तेव्हा अर्जदाराने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मटारचे दाणे मांडून ते शिकवले. दाणे त्याच दिवशी भाजीत गेले. विद्या मात्र सत्पात्री पडली, असा अर्जदाराचा तेव्हा समज होता.

३. संगणकाचे निदान इतके बिनचूक येऊ लागले की अर्जदारास आनंदाऐवजी शंका आली. त्यातच एका कालवडीने घोटाळा केला. गोठ्यात तिला सगळे 'सरकार' म्हणत, कारण ती स्वतःची वैरण संपवून शेजारणीच्या गव्हाणीतही तोंड घालत असे. या सरकारला संगणक रोज आजारी ठरवू लागला. अर्जदाराने तिचा ताप पाहिला, पोट ऐकले, चारही खूर तपासले. तपासणी चालू असताना ती अर्जदाराच्या खिशातला रुमाल चघळत होती. आजार म्हणतात तो काही सापडेना. मग लक्षात आले की तिची मान भरू लागल्यामुळे पट्टा एक भोक सैल केला होता. अर्जदाराने तो आवळला, सरकार निरोगी. सैल केला; सरकार आजारी. तेव्हा त्याने धडधाकट गाईंच्या एका अख्ख्या रांगेचे पट्टे सैल केले. दुपारच्या अहवालात सगळी रांग आजारी पडली, आणि पट्टे आवळताच औषधाचा थेंबही न घेता खडखडीत बरी झाली.

कारण साधे होते. आजारी गाईच्या मानेत इंजेक्शन दिले जाई, तेथे सूज येई, आणि सुजेवर घासू नये म्हणून पट्टा परत बांधताना एक भोक सैल ठेवला जाई. दया चांगलीच होती. पण सैल पट्टा फक्त आजारी गाईंच्याच वाट्याला आल्यामुळे संगणक रोग शिकलाच नाही. तो बकल पाहायला शिकला.

४. अर्जदाराने हे त्याच संध्याकाळी मेहुण्यास घरी बोलावून सांगितले. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "भाऊजी, पट्टे मी बांधलेत. हे आत्ता बाहेर आलं तर मी संपलो." अर्जदाराने त्यास समजावले की चूक सांगणाऱ्याला कोणी फाशी देत नाही. त्यावर तो म्हणाला, "तुम्हाला नाही देत. माझं अजून कशात काही नाही. आणि मुलाखत तुमची आहे हो, माझा अर्ज नुसता संख्या भरायला. तुम्ही एकदा खुर्चीत बसा, मग आपण दोघं मिळून दुरुस्ती छापू. ताईसाठी एवढं करा." सत्य म्हणजे काही पेरणी नव्हे की हंगाम पाहून करावी, असा युक्तिवाद अर्जदाराने बराच वेळ केला. पण समोर रडत होता तो पत्नीचा भाऊ. पत्नीने त्याला लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेला. अर्जदाराने मुलाखत होईपर्यंत न बोलण्याचा शब्द दिला.

५. मुलाखतीत अध्यक्षांनी नेमके विचारले, "तुमच्या निष्कर्षात काही त्रुटी जाणवते का?" खोटे बोलता येईना व शब्द मोडता येईना, म्हणून अर्जदार म्हणाला, "तपासणी सुरू आहे." हे उत्तर किती हीनदीन वाटले असेल याची अर्जदारास कल्पना आहे. बाहेर येऊन तो बाकावर बसला. त्या कक्षाचे दार पूर्ण लागत नाही, हे आपणही अनुभवले असेल. आतून मेहुण्याचा आवाज स्पष्ट येत होता: "सर, सांगताना वाईट वाटतं, पण विज्ञानाशी बेइमानी मला करवत नाही." त्यानंतर त्याने सैल पट्टा सांगितला, रांगेचा प्रयोग सांगितला, सरकारच्या खादाडपणाचा किस्सा सांगून समितीस हसवलेसुद्धा. शेवटी म्हणाला, "पट्टे वरिष्ठांच्या देखरेखीखाली बांधले जायचे. दोष मला दिसला, मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आधी मुलाखत होऊ दे." कोणी सदस्य म्हणाले, "असा प्रामाणिक माणूस हवा." बाहेर आल्यावर मेहुण्याने अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "भाऊजी, चहा घ्यायचा?"

अर्जदाराने चहा घेतला. 

६. अर्जदाराची तक्रार आपल्या कार्यालयातून विभागाकडे गेली आणि विभागात तोवर मेहुण्याकडे विभागप्रमुखाचा कार्यभार आला होता. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने त्यानेच चौकशी केली, त्यानेच स्वतःस निर्दोष ठरवले, आणि 'आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही' असे स्वतःच्या सहीने कळवले. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, "पत्र मिळालं ना, भाऊजी? भाषा जरा कडक झाली. ऑफिसची पद्धतच तशी, मनावर घेऊ नका."

७. दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक मेहुण्याने आखले. त्यात 'प्रयोगातील चुका व संशोधकाची नीतिमत्ता' असा नवा घटक आहे. उदाहरण म्हणून सैल गळपट्ट्याचे प्रकरण नेमले आहे. आणि अध्यापक म्हणून अर्जदार. अर्जदाराने तो तास घेतला. कोणाचेही नाव न घेता, दोष कसा निर्माण झाला व कसा सापडला, हे त्याने क्रमाने शिकवले. तास चांगला झाला. शेवटी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ज्यांनी ही चूक दडवली ते आता काय करतात?" सगळा वर्ग हसला. अर्जदाराने फळा पुसला व हजेरी घेतली, जी त्याने तासाच्या आरंभीच घेतली होती.

८. सबब विनंती, की सदर निवड स्थगित ठेवून दोन्ही उमेदवारांची मुलाखत पुन्हा व्हावी. ती दोघांना समोरासमोर बसवून व्हावी. आणि शक्य तर समिती-कक्षाऐवजी गोठ्यात व्हावी. तेथे प्रत्येक उमेदवारास एक गाय खोड्यात घेऊन पट्टा बांधण्यास सांगावे. अर्जदार तो वाईट बांधील, कारण त्या एका दिवसाची सैल-आवळ सोडता त्याने तो कधी बांधलेला नाही. मेहुणा डोळे झाकूनही बांधील. ज्या हाताला बकलाची सवय आहे तो हात लपत नाही. समितीस शेणाचा वास सोसत नसल्यास अर्जदार स्वखर्चाने अत्तराची व्यवस्था करील. कालवडीस साक्षीस उभे करण्याचीही त्याची तयारी आहे; उभय पक्षांच्या हातचे ती सारख्याच आवडीने खाते, यापेक्षा निःपक्षपाती साक्षीदार या विद्यापीठात मिळणे कठीण. ही विनंती हास्यास्पद वाटेल, हे अर्जदार जाणतो. परंतु सत्र संपताच त्याची नेमणूक संपते, आणि त्यानंतर ज्या वर्गात त्याने आयुष्य वेचले तेथे त्याला पाहुणा म्हणूनही उभे राहता येणार नाही.

९. एक बाब नोंदवणे राहिले. गेल्या रविवारी विभागाचे सदर अधिकारी, म्हणजे मेहुणाच, मिठाईचा पुडा घेऊन अर्जदाराच्या घरी आले. अर्जदाराची पत्नी त्यांची बहीण व अर्जदाराची अर्धांगी असल्याने तिच्यावर पक्षपाताचा आरोप दोन्ही बाजूंनी सारखाच करता येईल. म्हणून तिची साक्ष अर्जदार ग्राह्य मानतो. इतके महिने ती या प्रकरणात एक शब्द बोलली नव्हती. तिने पुडा हातात घेतला नाही. दारातच विचारले, "पट्टे कोणी बांधले?"

ते म्हणाले, "ताई, ते तसं नसतं गं. संशोधनात जबाबदारी ही..."

"मी जबाबदारी नाही विचारली. पट्टे कोणी बांधले?"

"मी."

"आणि चूक कोणी शोधली?"

त्यांनी अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने, सवयीने, त्यांच्या बाजूने काही बोलण्यासाठी तोंड उघडले. पत्नीने हातानेच त्यास गप्प केले. मग खाली पाहत ते म्हणाले, "भाऊजींनी."

ती म्हणाली, "मग ती जागा तुझी नाही."

आपल्या न्यायबुद्धीवर अद्याप भिस्त ठेवून असलेला,

(सही)
अर्जदार,
तात्पुरता व्याख्याता, अचूक पशुआरोग्य विभाग
दिनांक: १४ मार्च