तीन फुंकरा

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

फू, फू, फू. अचलपूरच्या शाळेत माझा गुडघा फुटला की कुसुम अशी तीनदा फुंकर घालायची आणि म्हणायची, "झालं, पळ!" मागे वर्ग एका सुरात कविता म्हणत असायचा. पुढे हीच कुसुम माझी बायको झाली. ती फुंकर फक्त माझ्यासाठी होती, असं मी इतकी वर्षं धरून चाललो.

परवा अकोल्याहून बबनची कादंबरी आली, आज वाचून झाली. आमच्याच वर्गातला बबन. तिच्यात एक अद्भुत राज्य आहे आणि तिथली एक देवी, प्रेमाची, जखमा भरून काढणारी. काय करते ही देवी? तीनदा फुंकर घालते. म्हणते, "झालं, पळ!"

याला कसं ठाऊक? कुसुमला विचारलंच. ती हसली. "सारेच पडत होते तवा. बबनले तर रोजच लागे. तुमी काहून तोंड पाडून बसले?"

रोजच! जन्मभर मी मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, तिच्यावर एक ओळ नाही लिहिली. आणि यानं तिची देवी केली. माझ्याच तीन फुंकरा घेऊन.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. दारात बबन! पुस्तक कसं वाटलं ते विचारायला आलेला, रिक्षातून उतरताना पडलेला, गुडघ्याला रक्त. "वहिनी हायेत का घरी?" कुसुम उठलीच होती. म्हटलं, "तू चहा ठेव." मग खाली बसलो आणि मीच फुंकर घातली. तीनदा.