अक्काने दिलेली ओव्हर

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी पाचच अंगे जमिनीला टेकली आहेत; उरलेली तीन टेकली असे समजून घ्यावे.) तुझी तब्येत बरी असेल, वहिनींची कंबर ताळ्यावर असेल, आणि मागच्या पत्रात ज्या खोकल्याचे तू दोन पाने वर्णन केले होतेस तो आता दुसऱ्या कोणाच्या तरी घरी मुक्कामाला गेला असेल, अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. खरे असो वा नसो, पत्राच्या सुरुवातीला असे लिहायचे असते, हे कॉन्व्हेंटमधल्या ननबाईंनी छडी दाखवून शिकवले होते, म्हणून लिहिले.

आता तुझ्या भाषणाकडे येते. अक्काच्या आठवणींच्या सभेसाठी तू चार मिनिटे रेकॉर्ड करून पाठवलीस, ती थोरल्याने सगळ्या हॉलला ऐकवली. (अक्काचा पोटचा मुलगा म्हणून माईक त्याच्याकडे होता, आणि शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहिला.) त्यात तू म्हणालास की आपली अक्का म्हणजे शांतीची मूर्ती, तिचा आवाज कधी चढला नाही, तिने कोणाला कधी दुखावले नाही. दादा, तू नक्की कोणत्या बाईबद्दल बोलत होतास? पहिल्या रांगेत तिच्या वॉर्डातल्या नऊ जुन्या नर्सेस बसल्या होत्या. त्यातल्या गोल चष्मेवालीने, जिने बावीस वर्षे अक्काच्या हाताखाली काढली, रुमाल डोळ्यांना लावला आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले. थोरल्याला वाटले, रडते आहे. मी शेजारीच होते. ती हसत होती. भेटीची वेळ संपली की अक्का जी आरोळी ठोकायची, तिने दोन मजले खालच्या वॉर्डातले नातेवाईकसुद्धा चपला शोधू लागत, हे त्या नऊजणींना ठाऊक, मला ठाऊक, आणि तुला तर पाळण्यात असल्यापासून ठाऊक.

आणि ती विमानतळाची गोष्ट. तेविसाव्या वर्षी ती एक पत्र्याची ट्रंक, नर्सची इस्त्रीची एक टोपी आणि निम्मीच समजणारी भाषा घेऊन एकटी इथे परदेशात उतरली, इथपर्यंत तू बरोबर सांगितलेस. (इथल्यांना तिचे नाव उच्चारता येईना आणि तिला त्यांचे, म्हणून ती माणसांना खाटेच्या नंबराने ओळखू लागली. ती सवय तिने घरीही आणली.) मग आधी भाऊजी, पाठोपाठ मी, असे एकेकाला तिने बोलावून घेतले, हेही खरे. पण मी विमानातून उतरल्यावर तिने मला कडकडून मिठी मारली, असे तू गहिवरून सांगितलेस, ते साफ खोटे. तिने माझे मनगट धरले होते. नाडी बघत होती. आणि जास्त लागली म्हणून मला बॅगा उचलू दिल्या नाहीत, तेवढीच काय ती माया.

माझे लग्न का राहिले, हेही आता तुला सांगायला हरकत नाही. एक बरा मनुष्य मला बघायला आला होता. पाणी घेऊन मी बाहेर येते तो अक्काने त्याची खालची पापणी बोटाने ओढून उजेडाकडे धरलेली, आणि तोंड उघडून जीभ दाखवायचा हुकूम सुटलेला. रक्त कमी आहे, असा निकाल तिने त्याच्या आईसमोर दिला. तो परत आला नाही. मला विचारशील तर रक्त पुरेसे होते, धीर कमी पडला. पण अक्काच्या निकालावर अपील नसे. माझ्याकडे आली की ती माझ्या गादीच्या चादरीचे कोपरे सोडून पुन्हा दवाखान्यासारखे घट्ट दुमडून ठेवायची. मी सत्तरीची झाले तरी! इतके घट्ट की रात्री पाय आत घालायला मला आधी खिंड खणावी लागे.

पण खरा छळ तो सातच्या फोनचा. नर्सची ड्यूटी संपली की ती दुसरीला प्रत्येक खाटेची हकिगत सांगते, कोणाला ताप, कोणाला पथ्य, कोण औषध उशीखाली लपवतो. त्याला त्या ओव्हर देणे म्हणतात. (क्रिकेटचा संबंध नाही, तू लगेच सरसावून बसला असशील म्हणून सांगितले.) ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, असा कडक नियम. वॉर्डात तो शोभतो. अक्काने तो खानदानाला लावला. चाळीस वर्षे, रोज संध्याकाळी सात वाजता, प्रत्येक घरी फोन. पोट साफ झाले का, गोळी घेतली का, आज कोणाशी भांडलात, याच क्रमाने, आणि उत्तरे निळ्या वहीत. तिकडे ती तुझी आंघोळीची वेळ, त्यामुळे अर्धे आयुष्य तू टॉवेल गुंडाळून, पायाखाली तळे साचवत ओव्हर दिलीस. त्याबद्दल मात्र भाषणात चकार शब्द नाही.

मी गेल्या वर्षी बंड केले. मी बीपीच्या गोळ्या चुकवते, ही बातमी तिने एका संध्याकाळी थोरल्यापासून तुझ्यापर्यंत सगळीकडे पोचवली. नगरपालिकेच्या तक्रार-खिडकीवर मी एकतीस वर्षे बसले, दुसऱ्यांच्या तुंबलेल्या गटारांची गुपिते मी कधी फोडली नाहीत, आणि माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्या गोळ्यांची दवंडी पिटावी? त्या दिवसापासून मी सात वाजता रिसीव्हर काढून ठेवू लागले. तर तिने माझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला फोन सुरू केला. मग सात वाजून पाच मिनिटांनी गळ्यात टेप अडकवलेला शिंपी माझ्या दारात, आणि खाली मान घालून विचारतोय, गोळी झाली का म्हणून. असे आठ महिने चालले. आठ महिने मी तिच्याशी बोलले नाही, दादा.

मग तिला दवाखान्यात ठेवले, तिच्याच जुन्या वॉर्डात. ती पेशंट म्हणून कशी होती हे विचारू नकोस. तापाचा तक्ता मागवून तिने त्यावर लाल शाईने दुरुस्त्या केल्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस. नऊ झाले. थोरला येऊन रोज रडायचा आणि म्हणायचा, आई, तू निश्चिंत राहा, आम्ही सगळे बघतो. ती विचारायची, काय बघतोस? मामाला गोळी किती, सांग. त्याला सांगता येईना, तो आणखी रडे. सूनबाईंनाही येईना. शेवटी गोल चष्मेवालीने मला फोन केला (दुपारी दोनला, म्हणून सापडले) आणि म्हणाली, त्या जात नाहीयेत, कारण ओव्हर घ्यायला कोणी आलेलं नाही. तुम्ही या.

मी तिला चार खडे बोल सुनवायला गेले. पण मी खुर्चीत टेकायच्या आत तिने सुरुवात केली. खाट एक, थोरला. रडका आहे, पण पित्त वाढलं की जास्त रडतो, तेव्हा आधी पित्त बघायचं. खाट दोन, सून. मला काही होत नाही असं म्हणाली की त्याच दिवशी जाऊन बघायचं. खाट तीन, दादा. बीपी, सकाळी अर्धी गोळी. बढाया मारतो, निम्म्या वजा करून ऐकायच्या. मग छताकडे बघत, मी तिथे नाहीच असे समजून, ती म्हणाली, खाट चार, धाकटी. तोंडाळ. फोन काढून ठेवते, पण त्याच्या शेजारीच बसलेली असते, शिंपी म्हणतो दार पहिल्या टकटकीला उघडतं. तिला रोज विचारणारं कोणीतरी पाहिजे.

मग म्हणाली, परत सांग. मी सांगितले. तुझी गोळी मी एक सांगितली. ती म्हणाली, अर्धी. सकाळी. ओव्हर घेतलीस? मी म्हटले, घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी, नर्सेसच्या ड्यूट्या बदलत होत्या तेव्हा, ती गेली. वेळेवर.

सभेहून आल्यावर मी निळी वही चाळली. चाळीस वर्षांचे पोट, पित्त, भांडणे, सगळे तारीखवार आहे. तिच्या स्वतःच्या नावाची खाट नाही. वर्षभर पाय सुजत होते म्हणे. कुठेच लिहिलेले नाही, कारण सात वाजता तिला उलट कोणी विचारलेच नाही. तू शांतीच्या मूर्तीला विचारले नाहीस, आणि मी तर रिसीव्हर काढून ठेवला होता.

तर सांगायचे ते हे. मी "घेतली" म्हणाले ते जाणाऱ्या माणसाचे समाधान म्हणून. लोकांचे ऐकून घ्यायचा माझा कोटा त्या खिडकीवर संपला. आता घरात मोठा तू आहेस, तेव्हा हा कारभार तू सांभाळ. वही सोबत पाठवत आहे, पोच द्यावी. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो उतू न जाण्याची काळजी मी घेते.

तुझी,
धाकटी

ता. क. वही पाठवत नाही. पाकिटात मावत नाही, आणि मला ती संध्याकाळी लागते.

आणखी एक ता. क. थोरल्याचे पित्त उतरले. सूनबाई परवा सात वाजता म्हणाल्या, मला काही होत नाही, म्हणून मी दोन बस बदलून गेले. एकशे दोन ताप होता. जाता जाता त्यांच्या चादरीचे कोपरे नीट करून आले, फार ढिले होते.

शेवटचे ता. क. तीन आठवडे झाले, इथल्या सातला मी केलेला फोन तुझ्याकडे वाजतो आणि तू उचलत नाहीस. त्या वेळी तो कोणाचा असायचा हे तुला माहीत आहे. मलाही आहे. तरी उचल, टॉवेल गुंडाळून का होईना. अर्धीच गोळी घेतोस ना, एवढे सांग, आणि मग लगेच ठेवून देऊ नकोस. आपली ओव्हर आपल्याला स्वतःला घेता येत नाही, असा नियम आहे. खाट चार तू घे.

(आजची गोळी घेतली आहे. तरी विचार.)