डोक्याला लागणारी फळी

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. पत्राला उशीर झाला, कारण स्वयंपाकघर पडलं. शेजाऱ्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी घसरली आणि आमच्या छपरातून आत आली. मी भाजी आणायला गेलो होतो. परत आलो तर ओट्याच्या जागी टाकी उभी होती, अर्धी भरलेली. शेजारी म्हणाले, पाणी लागलं तर संकोच करू नका.

हिने घराचा विमा उतरवला होता. गेल्या वर्षी, जायच्या आधी, पुढचा हप्ताही भरून ठेवला होता. मला सांगायचं राहिलं असेल. कंपनीचे सर्व्हेअर येऊन गेले. त्यांचं म्हणणं, पुन्हा बांधायला लागेल तो खर्च मिळेल, पण होतं तसंच बांधायचं. जास्त चांगलं केलं तर वरचा खर्च आपला.

सध्या झोपायच्या खोलीत स्टोव्ह ठेवला आहे. उशीला कांद्याचा वास येतो. बाकी ठीक. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा

११ जून

चि. मुक्यास,
अनेक आशीर्वाद.

‘मी बरा आहे’ लिहून पुढच्याच ओळीत स्वयंपाकघर पाडतोस! टाकी तुझ्या डोक्यात पडली असती तरी तू आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली असतीस. शेजाऱ्यांकडून टाकी ठेवल्याचं भाडं घे.

आता एक ऐक. ओट्यावरची ती फळी हातभर वर घे. बायको तुझी बुटकी, तू ताडमाड, आणि फळी तिच्या मापाची. जन्मभर कपाळाला टेंगूळ घेऊन हिंडलास. तू आपटलास की ती आतल्या खोलीतून विचारायची, फळीला काही झालं नाही ना? आम्ही हसून बेजार व्हायचो. आता विचारणारं कोणी नाही, तर निदान कपाळ तरी वाचव.

पोटभर जेव आणि दोन ओळी जास्त लिही.

तुझी ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टाकी मागच्या अंगणात काढून ठेवली आणि स्वयंपाकघर झालं. तुझ्या सांगण्याप्रमाणे सुतारानं फळी वर घेतली. काम चांगलं आहे.

अडचण वेगळीच आली. पैशांचा शेवटचा हप्ता मिळण्यासाठी एका वाक्याखाली सही करायची आहे: ‘घर पूर्वी होते तसे झाले आहे.’ मला ती करता येईना. नोकरीत जन्मभर दुकानदारांची वजनं तपासली, खोट्या वजनावर कधी शिक्का मारला नाही. या महिन्यात सही झाली नाही तर प्रकरण बंद होईल. गवंडी आणि सुतार दोघांची मजुरी त्यातूनच द्यायची आहे.

सर्व्हेअर पुन्हा आले. सज्जन आहेत. काय राहिलं म्हणून त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, खिडकीतून वाकून बाहेरही पाहिलं. मला नीट सांगता येईना. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी फळी म्हणालो. त्यांना फार बरं वाटलं. ही लिहून घेता येण्यासारखी गोष्ट होती. फळी खाली घ्यायचा खर्चही कंपनी देणार आहे.

सुतार रागावला आहे. म्हणतो, लोक फळी उंच करून घेतात, हे डोक्याला लागेल अशी मागतात. करीन, पण कुणी केली ते गावात सांगू नका.

राग मानू नकोस.

तुझा धाकटा

९ ऑगस्ट

चि. मुक्यास,
अनेक आशीर्वाद.

कर सही! त्या बिचाऱ्यांची मजुरी अडली आहे आणि तू तराजू घेऊन बसलास. विम्याच्या भाषेत घर म्हणजे विटा, लाकूड आणि पत्रे. त्यांचं वजन बरोबर भरतंय ना? मग झालं.

तुला काय म्हणायचंय ते मला कळतं रे. पण कंपनीकडे ते कळून घ्यायची सोय नसते.

रागावले आहे. माया तेवढीच आहे.

तुझी ताई

२५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली. कशी, ते लिहितो. तू म्हणतेस म्हणून दोन ओळी जास्त.

फळी जुन्या जागी बसली. सर्व्हेअर तपासायला आले. म्हणाले, मी सांगणं बरं दिसत नाही, पण एकदा नेहमीसारखं चालून दाखवा. सुतार मागच्या अंगणात हत्यारं आवरत होता. मी ओट्याकडे गेलो. वाकायची सवय नव्हतीच. जोरात लागलं. सर्व्हेअरांनी लिहून घेतलं: ‘आदळते. पूर्ववत.’ आणि पेन पुढे केलं.

मी पेन घेतलं नाही. त्यांनी विचारलं, अजून काही व्हायचं आहे का? मी म्हणालो, हो, आतून कुणीतरी विचारायचं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, ते पॉलिसीत बसत नाही हो.

तेवढ्यात अंगणातून सुतार ओरडला. त्यानं आवाज ऐकला होता आणि त्याला आपल्या कामाची धास्ती पडली होती. फळीला काही झालं नाही ना, असं त्यानं विचारलं.

मला हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा. ते थांबेना, तेव्हा सर्व्हेअरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि टाकीतलं पाणी दिलं. ती अजून अंगणातच आहे. मग मी सही केली.

मजुरी दिली. स्टोव्ह ओट्यावर ठेवला. तू ये. तूही माझ्यासारखीच उंच आहेस, ओट्याकडे जाताना सांभाळ. लागलंच तर मी विचारीन.

तुझा धाकटा