पाळण्याच्या उंचीचं तापमान

रविवार, ६ जानेवारी १९५७
चिंतामणी सरांनी नाईट क्लासला प्रोजेक्ट दिला. बंदिस्त खोली जमिनीकडून तापवली, तर उष्णता कशी पसरते? बाकीचे लाकडी खोका शोधत फिरतायत. माझी लालबागची आख्खी खोली आहे, दहा बाय बारा. बकुळा बाळंतीण, बाजेखाली शेगडी रोजचीच. आयती सोय.
नियम पहिला : रामजीला त्रास होता कामा नये. आत्ता कुठे बारसं झालंय त्याचं.

सोमवार, ७
फटींत मिलमधलं कॉटन वेस्ट कोंबलं. खिडकीला गोधडी. थर्मामीटर तीन : जमिनीपाशी, पाळण्याच्या दांडीला, आढ्याला. बकुळाला सांगितलं, वारा लागू नये म्हणून. खोटं नाही. खरंही नाही. वाईट वाटलं. चहा घेतल्यावर कमी झालं.

बुधवार, ९
सासूबाई शिवडीहून बाळंतपण करायला आल्यात. म्हणतात, शेक अंघोळीनंतर घटकाभर पुरे. मला चार तास हवेत. त्यात त्या सारखं दार उघडतात. विनंती केली. म्हणाल्या, की पोर काय बोंबील आहे का सुकवायला? हसलो. पण लागलं मनाला.

शुक्रवार, ११
पाळणा हलला की हवा ढवळते, मधला आकडा खोटा येतो. म्हणून रीडिंगआधी अर्धा तास पाळणा हलवायचा नाही. पोर अर्धा तास रडलं. 
उद्यापासून पंधराच मिनिटं.

रविवार, १३
समितीच्या सभेला येतो म्हणालो होतो. निवडणूक तोंडावर, अख्खी चाळ गेली. मी निखारे फुंकत बसलो. माझ्यावाचून संयुक्त महाराष्ट्र अडणार नाही. तरी नळावर तोंड लपवून गेलो.
पोराच्या पाठीवर घामोळं. जानेवारीत! आढ्याला शंभर फॅरनहाइट, पाळण्यापाशी सत्त्याण्णव. फरक फक्त तीन. खालून तापवलं की उष्णता सगळीकडे सारखीच पसरते, ही थिअरी बरोबर! आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली.

मंगळवार, १५
आज शेवटचं रीडिंग. उद्यापासून शेगडी बंद. शपथ.

बुधवार, १६
कालचं फुकट गेलं. शेजारची चंपा पोर बघायला आली नि दार उघडं टाकून गेली. म्हणून आज पुन्हा. हे मात्र शेवटचं.

गुरुवार, १७, रात्री ११
कामावरून आलो तर बाज रिकामी. सासूबाई दोघांना शिवडीला घेऊन गेल्या. चंपाकडे निरोप ठेवलाय, की पोराला मोकळी हवा द्या, असं डॉक्टर म्हणाले.
चार दिवसांत राग जाईल. दार उघडायला आता कुणी नाही. रीडिंग एकदम स्वच्छ आलं.
जेवण गेलं नाही.

रविवार, २०
शिवडीला गेलो. रामजी उघड्या खिडकीपाशी, चटईवर, उघडाच झोपलेला. घामोळं मावळलंय. बकुळाला म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, की जरा धरा याला, मी जेवून घेते.
हात पुढे केले. मान कशी धरतात, कळेना. सासूबाईंनी दाखवलं. अठ्ठावीस दिवसांचा झाला, बारशालाही बायकांनीच घेतलेला. माझ्या मांडीवर आज पहिल्यांदा.
अंग कोमट असतं त्याचं. मला माहीत नव्हतं.