पेरेंटच्या रकान्यातलं नाव

लातूर, सोमवार

प्रिय शिवानी,

विष्णुपुरीला धरणावरचं वारं झोंबत असेल. सकाळी कॉलेजला जाताना कान बांधत जा. अव्वाने शेंगदाण्याची चटणी कुटली आहे; श्रीमंतमामा शनिवारी नांदेडला येतायत, त्यांच्याजवळ देतो.

हॉस्टेलच्या खिडकीवर जूनमध्ये जे झालं, ते मनातून जात नाही. फॉर्मवर ‘पेरेंट’पुढे तू माझं नाव लिहिलं होतंस. मी गावच्या शाळेतला, पाचवीला एबीसीडी शिकलेला. खात्री करावी म्हणून क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, “काका, पेरेंट म्हणजे जन्म देणारे, गार्डियन म्हणजे सांभाळणारे. तुम्ही कोण?” मी तुझ्या हातातला पेन घेतला, माझं नाव खोडून तिथे रुद्रेशचं लिहिलं आणि स्वतःला ‘गार्डियन’मध्ये घातलं. तू अकरा महिन्यांची असताना माझा हा धाकटा भाऊ आणि तुझी आई अपघातात गेले. रोज लिंगपूजेला बसलो की तो आठवतो. आपली जागा दादाने घेतली, असं त्याला वाटू नये, एवढंच डोक्यात होतं. तुझ्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही.

घरी अव्वा लई बोलली; लग्न झाल्यापासून मला इतकं कधी बोलली नव्हती. “अठरा वर्षं बाप होऊन राहिलात, अन् कागद दिसला की काका झालात व्हय?”

परवा इंग्रजीचे रामलिंग सर दुकानात दोर घ्यायला आले. त्यांना विचारलं. म्हणाले, पोटच्यासारखं वाढवणाराही पेरेंटच असतो. गार्डियनचं काम मात्र मूल सज्ञान झालं की संपतं. तू तर गेल्या वर्षीच अठराची झालीस. म्हणजे माझं काम संपलं? मग संध्याकाळी नांदेडची बस चौकात वळली की मी गिऱ्हाईक सोडून पायरीवर का येतो? तू त्यात नसतेस, हे ठाऊक असूनही.

रविवारी फोनवर तू विचारलंस, “काका, बरे आहात ना?” जूनपासून तू मला काकाच म्हणतेस, अगदी आदराने. मी बरा आहे म्हणालो आणि फोन अव्वाकडे दिला. बोबडं बोलायला लागलीस तेव्हा तू मला आपणहून अप्पा म्हणाली होतीस, कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आता म्हण, असंही सांगता येत नाही. भावाला जपताना मी लेकीला परकं केलं, ते माझं चुकलं. एवढं कबूल करायलाच हे पत्र.

तुझाच,
अप्पा