ताईंची झोप

२४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! नागपूर, दिल्ली, ओसाका, मग बस, आणि आता हे समुद्राकाठचं लहानसं गाव. पाय भाकरीसारखे फुगलेत. पण खोलीची खिडकी सरकवली की समोर बेटंच बेटं. हिरव्या रंगात ब्रश बुडवून कुणी पाण्यावर ठिपके सोडत गेलं असावं तशी. शाळेत सारा जन्म मुलांना क्षितिजाची रेघ काढायला शिकवण्यात गेला आणि खरी रेघ मी आज पाहिली. वर्ध्याकडे कुठली दिसायला? मध्ये कुणाच्या तरी कपाशीची पऱ्हाटी येतेच.

सोबत कमलाताई आहेत. माझ्या नणंदबाई. कारंज्याकडच्या खेड्यांमध्ये नर्स होत्या. दार वाजलं की पिशवी उचलून निघायचं, हेच त्यांचं आयुष्य. अश्वजित, म्हणजे माझे मिस्टर, गेल्यापासून पवनारच्या घरात आम्ही दोघीच. ताईंना झोप अशी लागत नाही. डोळे मिटले तरी कान दाराकडे. बेटांवरची चित्रं, शिल्पं बघायची हौस माझी, त्या केवळ माझ्यासाठी आल्यात. विमानात म्हणाल्या, "तू पाह्य काय पाह्यचं ते. मी तुया मांगं मांगं येतो."

आमची गाईड गुंजन नावाची नागपूरची मुलगी आहे. जपानी अशी बोलते की जणू इतवारीच्या बाजारात भाव करते आहे. ग्रुप सगळा विदर्भातला. रात्री प्रत्येकाच्या बॅगेतून चटण्या निघाल्या. मजा आली.

२५ ऑक्टोबर

पहिलं बेट. एका बंद पडलेल्या शाळेत छताला उलटी होडी टांगली आहे. खाली उभं राहिलं की आपण पाण्याच्या तळाशी आहोत असं वाटतं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पुढे एका घरात नुसत्या निळ्या काचा. तरुण माणसं शहरांत निघून गेली, घरं ओस पडली, मग कलाकारांनी ती घेतली, असं गुंजनने सांगितलं. ताईंनी विचारलं, म्हातारी माणसं मागं राह्यली असतील त्यांचं कोण पाहते? गुंजनने पुढच्या घराकडे बोट दाखवलं.

चढ फार आहेत. ताई गुडघ्यावर हात ठेवून, थांबत थांबत येतात. तक्रार नाही. दुपारी एका बाकावर बसून त्यांनी चपला काढल्या आणि इतका लांब श्वास सोडला की मलाच लाजल्यासारखं झालं. माझ्या हौसेपायी या वयात त्यांची फरफट.

२६ ऑक्टोबर

आज नेमुजिमा. इवलंसं बेट. इथे पूर्वी मिठागरं होती. बायका समुद्राचं पाणी खांद्यावरून चढावर वाहायच्या, दिवसभर. दुपारी टेकायला त्यांचं एक घर होतं. कलाकाराने ते जवळपास तसंच ठेवलं आहे. गवती चटयांची जमीन, कागदाची दारं, भिंतीतून येणारा लाटांचा आवाज. यात कला ती काय, असं आमच्यातल्या एकीने विचारलंही.

तर ते असं. आत दोघांनी जायचं. एकाने आडवं व्हायचं, दुसऱ्याने जवळ बसायचं. थोड्या वेळाने बसलेल्याने नाव घेऊन हाक मारायची, मग निजलेल्याने उठायचं. घर सांभाळणारी एक म्हातारी आहे. तिने गुंजनकरवी पुन्हा पुन्हा बजावलं की हाकेशिवाय उठू नका, आणि बसलेल्याने सोडून जाऊ नका. आधी या घरात असंच चालायचं, मिठागरातल्या बायका एकमेकींना हाक मारूनच उठवायच्या. सगळे हसले. एकेक जोडी जाऊन आली.

आमची पाळी शेवटी आली. ताईंनी पिशवी उशाशी घेतली आणि पाठ टेकताक्षणी त्यांना झोप लागली. तोंड उघडं, चक्क घोरत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं निजलेलं पाहिलं नव्हतं. हाक मारायला तोंड उघडलं नि मिटलं. म्हटलं, झोपू दे बिचारीला. चाहूल न लागू देता बाहेर आले आणि पायरीवर बसून समुद्र रेखाटत राहिले.

मग ताई आपणच बाहेर आल्या. ताज्या, हसऱ्या. म्हातारीने मला विचारलं, हाक मारलीत ना? मी मान डोलावली. उगाच कशाला बोलणं वाढवा. तिने ताईंकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग कमरेतून पार वाकून नमस्कार केला. ताईंना नाही, आतल्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून.

२७ ऑक्टोबर

ताईंचा कायापालट झाला आहे! देवळाच्या पायऱ्या सर्वांच्या आधी चढल्या, वर दोघींच्या बॅगा घेऊन. धाप नाही, घाम नाही. एका चांगल्या झोपेने माणूस इतकं बदलतं? मला मात्र आज फार थकवा आहे. दोन चित्रं पाहिली आणि तिसऱ्यासमोर बसूनच घेतलं.

२९ ऑक्टोबर

बोटीवर ताईंना हाक मारली. वळल्या नाहीत. पुन्हा मारली. ग्रुपमधले सगळे वळले, त्या नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा वळल्या आणि हसल्या. वाऱ्यामुळे ऐकू गेलं नसेल.

वेळ जावा म्हणून त्यांचं चित्र काढायला घेतलं. ते जमेना. असंख्य वेळा काढलेला चेहरा हा. ताईंच्या तोंडावरून मागे वारं गेलं होतं, तेव्हापासून डावी पापणी जराशी खाली असते, ओठाचा कोपराही. तीच तर त्यांची ओळख. आज कागदावर दोन्ही बाजू सारख्याच येत होत्या. मला वाटलं माझा हात चुकतोय. मान वर करून नीट पाहिलं.

हात चुकत नव्हता.

२ नोव्हेंबर, पवनार

घरी आलो. अंगात त्राण नाही. धाम नदीत अजून बरंच पाणी आहे, पुलावरून पाहताना एरवी बरं वाटतं, आज मान वळवायचाही कंटाळा आला.

ताईंनी आल्या आल्या घर धुऊन काढलं. डबे घासले, जाळी झाडली, माळ्यावरचं सगळं उतरवलं. मला जेवायला वाढलं. स्वतः जेवल्या असं म्हणाल्या. मी पाहिलं नाही. ताट मात्र धुतलेलं होतं.

आदेशचा पुण्याहून फोन आला. आत्या ठणठणीत आहे हे ऐकून त्याला आनंद झाला. मला म्हणाला, आई, तुझंच रक्त तपासून घे.

५ नोव्हेंबर

शेजारची कोकिळा आली होती. कापसाची वेचाई जोरात आहे, मजूर मिळत नाहीत, ती आणि तिचे यजमान रूपराव, दोघंच राबतात. कंबर धरून बसली. ताईंनी घरापुढच्या छपरीत चटई टाकली, तेल आणलं आणि तिचे पाय चेपायला घेतले. कोकिळा नको नको म्हणता म्हणता झोपली.

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. काही कळायच्या आत मी ओरडले, "कोकिळा, ऊठ!" पण ती त्याआधीच उठून बसली होती. पदर सारखा करून माझ्याकडे बघून हसली. कंबर दुखायची थांबली म्हणाली. चहा घेतला नाही.

८ नोव्हेंबर

हे नीट लिहिते.

भर दुपार. मी स्वयंपाकघरात. सवयीने म्हणाले, ताई, चहा ठेवू का?

मधल्या खोलीतून, अगदी जमिनीलगतून आवाज आला, "नको वं. पडू दे मले जरा."

तो ताईंचाच आवाज. झोपेने जडावलेला, घोगरा. मी आत गेले. खोली रिकामी. फरशीवर कुणी नाही. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं, आणि अंगणात ताई धुणं पिळत होत्या. पिळलेली चादर पुन्हा पाण्यात घालून पुन्हा पिळत होत्या. चादर कुठे कुठे फाटली होती.

जी अंगणात आहे तिला मी आता ताई लिहिणार नाही.

१० नोव्हेंबर

गुंजनला फोन केला. ती दुसरा ग्रुप घेऊन पुन्हा बेटांवरच आहे. सगळं सांगून टाकलं, हाक मारली नव्हती तेही. मला वेड लागलं असं तिला वाटलं असणार. पण पोर गुणी आहे. उद्या नेमुजिमाला जातेच आहे, त्या घरातून व्हिडिओ कॉल करते म्हणाली.

११ नोव्हेंबर

फोन आला. मी बुद्धविहाराच्या ओट्यावर जाऊन बसले, घरातून बोलायची हिंमत नव्हती.

गुंजन आधी हसत होती. मग म्हातारीशी बोलली आणि हसू गेलं. आम्ही निघालो त्या दिवसापासून म्हातारी त्या एका चटईवर कुणाला निजू देत नाही. तिथे कुणी तरी झोपलं आहे, म्हणते. रोज शेजारी पाण्याचा पेला ठेवते. नाव माहीत नाही म्हणून तिला उठवता येत नाही.

गुंजनने फोन चटईकडे धरला. रिकामी चटई. पण मध्ये खोल दबलेली, माणसाच्या लांबीची.

मी हाक मारली. ताई. कमलाताई. उठा, चला, पवनारला जाऊ. फोनमधून लाटा ऐकू येत होत्या. मग तो दबलेला भाग हलला, कुशीवर वळावं तसा.

"पौर्णिमा, लई थकली वं मी. साऱ्या जलमाची थकली. आता काऊन उठवतं? आता मी नाई उठत."

गुंजनच्या हातून फोन पडला. तो पडूनच होता, छताकडे बघत. मला पुन्हा हाक मारता आली असती. मारली असती तर त्या आल्याही असत्या. माझी हाक त्यांनी कधी मोडली नाही. कुणाचीच मोडली नाही.

मी फोन बंद केला. ओट्यावर बसून खूप रडले.

१३ नोव्हेंबर

रूपराव आले. घाबरलेले. कोकिळा घरी येतच नाही म्हणाले. पऱ्हाटीतच आहे, वेचतेच आहे. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली, कापूस लाल होतो, तिला पत्ता नाही. हाक मारली तर पाहत नाही. चार दिवस ते तिच्यामागे शेतात फिरताहेत. डोळे खोल गेलेत.

बोलता बोलता ते छपरीत टेकले. अंगणातली ती तेलाची वाटी घेऊन आलीच. मी ओरडले, रूपराव, इथं झोपू नका, घरी जा! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, मी फार लांबून बोलते आहे जणू.

"दोनच मिनटं, वहिनी."

मी दंड धरून ओढलं. भारी माणूस. माझ्या हातात जोर नाही. नाव घेऊन हाका मारत बसले, जोरजोराने — मग — एका क्षणाला माझी मान खाली पडली असावी.

डोळे उघडले तेव्हा ते उभे होते. हसत.

१४ नोव्हेंबर

रूपरावांच्या नाकावर जुना वण होता, उजवीकडे. आता नाही.

गुंजन फोन उचलत नाही. आदेशला सांगितलं, ये. म्हणाला, रविवारी निघतो. आवाज दमलेला. ऑफिसमध्ये फार काम आहे म्हणे. मी म्हटलं, नको येऊस. नको. येऊ नकोस इथे —

१५ नोव्हेंबर

बॅग भरली. स्टँडपर्यंत गेले. वर्ध्याची एसटी आली, समोर थांबली. पायरीवर पाय ठेवायचा होता. उचलेना. कंडक्टर काही तरी म्हणाला. गाडी गेली. दुसरी आली. ती पण —

मग कुणी तरी हातातली बॅग हळूच घेतली. ती. पलीकडे कोकिळा. दोघींनी मला मधे घेऊन घरी आणलं. कुणी रागावलं नाही. कुणी ओढलं नाही.

१६

लिहिताना ओळ खाली जाते.

चटई टाकली आहे. मी त्यावर बसले नव्हते. आता बसले आहे. नुसती बसले आहे. पाठ भिंतीला —

जवसाचं तेल, कोमट करून. तिचे हात गार आहेत. इतके गार, आणि तरी इतकं —

माझे पाय कधी कुणी चेपले नाहीत. आईनेसुद्धा. मीच सगळ्यांचे —

मला माहीत आहे हे काय आहे. सगळं माहीत आहे. कोकिळा उशाशी बसून केसांतून हात फिरवते, तिच्या बोटांना कापूस चिकटलाय. रूपराव दारात. तिघं हसताहेत. वाईट नाही ते हसणं.

उठायला हवं. आदेश निघाला असेल. त्याला फोन —

उजवा पाय झाला.

आता डावा