नडगीवरची फितुरी

३ जानेवारी
आज निश्चय. आतड्याच्या गोळ्या बंद. कायमच्या. आठ महिने झाले, पोटाने हूं की चूं केलेलं नाही. मोठ्या आतड्याला सूज असलेला माणूस कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, टीमचा कॅप्टन असतो का? मी आहे. म्हणजे मी बरा झालोय. व्हर्नाला सांगितलं नाही. बायकोला उगाच काळजी कशाला.

२६ जानेवारी
दोन्ही नडग्यांवर लाल गाठी. द्राक्षाएवढ्या, गरम. बोट लागलं तरी जीव जातो. कारण उघड आहे : व्हर्नाने कपड्यांची पावडर बदलली. तिला शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, "त्याच पावडरने माझे कपडे धुते. मग माझ्या पायांना का नाही धाड भरली?" तुझी कातडी जाड आहे, हे मी बोललो नाही. म्हणजे बोललो. सूप गार मिळालं.

२ फेब्रुवारी
जुनी पावडर परत आणली. गाठी नव्या आल्या. आता संशय क्लॅरीच्या कुत्र्यावर. क्लॅरी बूड्रो माझा वीस वर्षांचा जोडीदार. मी बर्फावर दगड सोडतो, तो पुढे झाडू घासत धावतो. कुत्र्याला पिसवा असणार. क्लॅरी म्हणाला, "लॉर्न, पिसू चावली की खाजतं. तुझं दुखतंय. आणि आज खेळता खेळता तीनदा संडासात का पळालास?" क्लबची कॉफी बिघडलीय, म्हटलं.
थोडं रक्त दिसलं. बीट खाल्लं होतं. बहुतेक मागच्या आठवड्यात.

९ फेब्रुवारी
डाव्या घोट्याच्या वर फोड आला होता. तो फुटून जखम झालीय. कडा जांभळ्या. साधं इन्फेक्शन. उकळलेल्या ब्लेडने स्वतःच खरवडून साफ केली. फायनल बावीस तारखेला. डॉक्टरकडे जायला वेळ कुणाला आहे?

११ फेब्रुवारी
जखम दुप्पट. पुन्हा खरवडली. जास्त नीट.

१३ फेब्रुवारी
तिप्पट. ब्लेड बोथट असावं.

१५ फेब्रुवारी
फितुरी! माझ्या टूलबॉक्समध्ये व्हर्नाला गोळ्यांच्या भरलेल्या बाटल्या सापडल्या. ओरडली असती तर परवडलं असतं. नुसती खुर्चीत बसली. म्हणाली, "रोज विचारायचे, गोळी घेतलीस का. रोज हो म्हणायचास. माझ्या तोंडाकडे बघून." मी म्हटलं, विषय तो नाही, तू माझ्या टूलबॉक्समध्ये काय करत होतीस? म्हणाली, "तुझी पट्टी कापायला कात्री शोधत होते."
मग तिने क्लॅरीला फोन केला. क्लॅरीने मला टीममधून काढलं. वीस वर्षं! घरातून एक वार, बाहेरून एक. निषेध म्हणून दुपारी जेवलो नाही. तसंही जेवण पोटात ठरत नाही.

१७ फेब्रुवारी
हॅलिफॅक्स. हॉस्पिटल. डॉक्टर टेरिओबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. पाय पाहून म्हणाल्या, आतड्याची सूज पेटली की काहींच्या कातडीवर ती अशी निघते. गाठी वेगळ्या, ही जखम वेगळी. पण दोन्ही त्याच आजाराची लक्षणं. आणि ही जखम खरवडली की पसरतेच. "खरवडली कुणी?" व्हर्ना खिडकीबाहेर बघत राहिली. आपोआप झालं, म्हटलं. बाई म्हणाल्या, "आपोआप इतक्या सरळ रेघा येत नाहीत, मिस्टर पेटिपा."
आणखी उशीर झाला असता तर आतले स्नायू उघडे पडले असते म्हणे. दाखल करून घेतलं. स्टेरॉइड सुरू. गोळ्याही सुरू.
म्हणजे पोट वर वर गप्प बसलं होतं आणि आतून कातडीशी संधान बांधून होतं. माझंच पोट. माझीच कातडी. कुणावर भरवसा ठेवायचा?

२२ फेब्रुवारी
आज फायनल. माझ्याशिवाय हरणार. क्लॅरीचं सांत्वन कोणत्या शब्दांत करायचं ते ठरवून ठेवलं.
दुपारी ४. क्लॅरीचा फोन. जिंकले. माझ्या जागी कोण होतं, विचारलं. तो म्हणाला, आज बर्फ छान होता. मग म्हणाला, "व्हर्ना. शेवटचा दगड असा टाकला तिने, लॉर्न, तू बघायला हवं होतंस!"
व्हर्ना बारा वर्षं दर मंगळवारी बायकांच्या टीममध्ये खेळते. माहीत होतं मला. बघायला कधी गेलो नव्हतो.

२३ फेब्रुवारी
सकाळी आठला गोळी घेतली. कुणी न सांगता.
दहाला व्हर्ना आली. रस्त्यावरचा बर्फ, मुलीचा फोन, जखमेची पट्टी, सगळं बोलली. अभिनंदन म्हटलं, तर थँक्यू म्हणाली. गोळीचं काही विचारलं नाही. वाट बघितली. शेवटी ती कोट घालायला लागली तेव्हा मीच म्हटलं, आज गोळी घेतली.
म्हणाली, "हो. नर्सला विचारलंय मी."